रिकामा डबा परत द्यायचा नाही

श्रावणात बायको गेली. ज्या घरात माणूस गेलं, तिथे त्या वर्षी दिवाळीचं तळण होत नाही. लोक फराळ आणून देतात, तशी रीत आहे. शनिवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत सात डबे आले. त्यातला एक कर्वेनगरच्या लेकीचा. स्वयंपाक मला येत नव्हता, आणि लोकांनी दिलेलं टाकायचं कसं? मग सकाळी चहाबरोबर लाडू, दुपारी चकली, संध्याकाळी करंजी. महिन्याभरात चक्कर येऊन मोरीत पडलो.

लेक डॉक्टरकडे घेऊन गेली. तीन महिन्यांची सरासरी शुगर साडेदहा निघाली, हवी सातच्या आत.

"काका, गोळ्या घेता?"

"घेतो."

"आणि खाता काय?"

"लोक देतील ते."

"मग लोकांनाच गोळ्या देऊ का?"

बाहेर आल्यावर लेक रडली नाही, चिडली. "बाबा, तीन महिने देते. पुढच्या तपासणीत शुगर उतरली नाही तर त्या घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे."

लेक चांगली आहे, जावईही. पण त्या घरात बायको कधी राहिली नाही. इथे मोरीच्या कट्ट्यावर ती जिथे तांब्या ठेवायची, तिथे अजून गोल डाग आहे. तो सोडून मी कुठेही जाणार नव्हतो.

डॉक्टरांनी गोड आणि तळलेलं बंद केलं. जेवणात एक ज्वारीची भाकरी, बाकी पालेभाजी आणि डाळ. शिवाय रोज चालायचं. घरातली साखर मी त्याच दिवशी शेजारी देऊन टाकली.

चाळीस वर्षं मी पिठाची गिरणी चालवली. पीठ नवं की जुनं, चिमटीत धरून सांगतो. भाकरी मात्र कधी थापली नव्हती. पहिली परातीतच फुटली. मी पिठाला शिव्या घातल्या. शेजारच्या सूनबाई दारातून म्हणाल्या, "आजोबा, ते दळून झालंय. आता मळा."

त्यांनी उकळतं पाणी घालून तळहाताने रगडून दाखवलं. हेच सगळं माझी बायको रोज माझ्यापासून चार हातांवर करत होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून टीव्ही बघायचो. मीठ कमी पडलं की बोलायचो. बरोबर असलं की गप्प. ती फुटकी भाकरी मेथीबरोबर खाल्ली.

पंधरा दिवस फुटल्या. मग एक दिवस टम्म फुगली. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

चालायला नदीकाठी जायला लागलो. तिथे म्हाताऱ्यांची एक टोळी होती. एक फेरी मारायची आणि चहा-क्रीमरोलला बसायचं.

"अहो, एकाने काय होतंय?"

"मोरीत पडायला होतंय," म्हणालो आणि एकटा चालू लागलो. आधी पुलापर्यंतच धाप लागायची. मग पूल ओलांडला. मग दर आठवड्याला एक चौक पुढे. गुडघा कुरकुर करायचा. करू दे म्हटलं.

तीन महिन्यांनी शुगर साडेसात. डॉक्टर म्हणाले, अजून उतरली पाहिजे. म्हटलं, उतरवतो.

दिवाळीचे सहा डबे केव्हाच परत गेले होते. लेकीचा तेवढा राहिला होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, ही बायकोची शिस्त. साखर घरात नव्हती. दोन भाकऱ्या घातल्या, वर रिपोर्टचा कागद ठेवला आणि सकाळी सहाला निघालो. वाटेत तीनदा बसलो.

लेकीने दार उघडलं. "इतक्या सकाळी? रिक्षा मिळाली?"

"बघितलीच नाही. चालत आलो."

तिने कागद वाचला. परत वाचला. मग भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "कडा जाड आहेत. आईच्या पातळ असायच्या."

"तिला किती वर्षं मिळाली, मला तीन महिने."

ती हसली आणि डोळे पुसत आत गेली. कुलपाचं मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. निघताना तिने तोच डबा धुऊन माझ्या हातात दिला. जड लागला म्हणून जिन्यातच उघडून पाहिला. काकड्या होत्या.

घरी मात्र बसने आलो. उद्याच्या फेरीला गुडघा लागणार होता.