मातीचं ताक

गवतावरचं दहिवर अजून वाळलं नव्हतं. शिराळ्याजवळच्या तालमीत सोपान वस्ताद लाल माती खोऱ्यानं खालीवर करत होते. माती कडक झाली की पैलवानाची कातडी सोलते, म्हणून ते रोज तिच्यात ताक शिंपडायचे.

बाहेर त्यांची लेक आम्रपाली दोन स्वेटर घालून पळत होती. दुपारी साताऱ्यात कुस्तीसाठी वजन होणार होतं, आणि पन्नास किलोच्या गटात बसायला ती अजून अर्धा किलो जड होती. कालपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तसं वस्तादांनीच सांगितलं होतं.

ती धापा टाकत दाराला टेकली. ओठ फुटून रक्त आलं होतं. वस्तादांच्या हातातलं खोरं थांबलं. त्यांनी कळशीतलं ताक तांब्यात ओतून तिच्यापुढं धरलं.

"आबा, वजन वाढंल की!"

"वाढू दे. वरच्या गटात नाव घालू."

"तितल्या पोरी लय दांडग्या हायत. हरन मी."

"हर की. माज्यागत पानी तोडून मुतखडं घिऊन तरी बसनार न्हाईस."

ती हसली, तसा ओठ चुरचुरला. मग तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली घेतला, आणि पुन्हा पुढं केला.

वस्तादांनी तो परत भरला, कळशीत उरलेलं चुळकाभर ताक मातीवर शिंपडलं आणि खोरं उचललं.