वसईच्या पाहुण्यांना आमचं मिशन दाखवलं

शनिवार, २७ डिसेंबर. आमच्या गाडीत मी, माझे यजमान, आमची मुलगी आणि माझी आई. मागच्या गाडीत वसईहून आलेला मुलगा, त्याची आई आणि त्याचे काका. सातजण. सोबत बाजरीच्या भाकरी, ठेचा, करंज्या, आईच्या गोळ्या. सकाळी शहराच्या छावणी भागातून निघालो.

मुलगी आणि तो मुलगा पुण्यात एकाच ऑफिसात कामाला. त्यांचं आपसात ठरलं होतं, आता फक्त घरच्यांचं ठरायचं होतं. नोव्हेंबरात पहिल्या भेटीत मुलाच्या आईने चहा ढवळता ढवळता विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"छावणीतले," यजमान घाईने म्हणाले.

"राहायला छावणीत. मूळचे कुठले ते नाताळच्या सुट्टीत या, दाखवते," मी म्हणाले.

घरी आल्यावर यजमान दोन दिवस धुसफुसले. मुलीने सरळ विचारलं, "आई, परीक्षा त्यांची घेतेयस की माझी?" मी तिला सांगितलं, आज झाकलेलं लग्नानंतर कुणीतरी कुजबुजणारच, आणि मग मान खाली घालून तुला त्या घरात राहावं लागेल. मोडायचंच असेल तर आता मोडू दे. ती उठून आत गेली. त्या मुलात तिचा जीव किती गुंतलाय हे मला दिसत नव्हतं असं नाही.

वाळूजचे कारखाने मागे पडले, दोन्ही बाजूंना हरभरा आणि कांदा सुरू झाला. पहिला थांबा गंगापूरच्या पुढचं एक जुनं मिशन. दगडी चर्च, कौलारू शाळा, मागे परदेशी फादरांच्या कबरी. नाताळचा गवताचा गोठा अजून तसाच होता आणि त्यातली एक मेंढी आडवी पडली होती. आईने ती उभी केली. मुलाचे काका निवृत्त शिक्षक. ते प्रत्येक कबरीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होते. "कुठून कुठे आली ही माणसं," ते म्हणाले.

"आमचं देऊळ चारशे वर्षांचं आहे," मुलाची आई म्हणाली. वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात.

"आमचं शंभराच्या आतबाहेर," मी म्हणाले. "पण दगड कुणी वाहिले ते आमच्या घरात माहीत आहे."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी आईच्या गावी पोहोचलो, वैजापूरच्या पुढे. इथलं चर्च लहान, चुन्याने पांढरं केलेलं. आई चप्पल काढून आत गेली आणि रिकामी बाकं सोडून फरशीवर बसली. तिच्या लहानपणी बाकं नव्हतीच. प्रार्थना झाल्यावर तिने पाहुण्यांना अंगणातल्या विहिरीपाशी नेलं. विहिरीवर आता जाळी आहे, पण पोहरा सोडण्यापुरतं तोंड उघडं ठेवलंय.

"गावातल्या हिरीवर आमाला जाऊ देत नव्हते," आई म्हणाली. "पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, राज्य बदललं. पाणवठा काय बदलला नाय. मग फादरनं जागा दिली आन् आमच्या लोकानं खणली. माझ्या बापाचं बोट ह्याच्यातच गेलं, सुरुंगाला."

मुलाची आई ऐकत होती.

तेवढ्यात आईच्या भावजयीने त्याच विहिरीचं पाणी तांब्याभांड्यातून आणलं. काका प्यायले. मुलगा प्यायला. मुलाच्या आईने हात जोडले. "माझं पोट नाजूक आहे. प्रवासात मी बाटलीचंच पिते."

पाण्याच्या बाटल्यांचा खोका मी मुद्दाम गाडीत ठेवला होता. डिकी उघडली तर खोका नव्हता.

"म्याच काढून ठिवला घरी," आई मागून म्हणाली. "लई वजन व्हतं."

खोका वजनासाठी नव्हे, ह्या विहिरीच्या पाण्यासाठी घरी राहिला, हे मला चांगलं ठाऊक होतं. मुलगी माझ्या कानाशी आली. "स्टँडवर दुकान आहे, मी पटकन बाटली आणते."

"थांब," मी म्हणाले.

पोट खरंच नाजूक असेल. नसेलही. भांडं हातात घेऊन मामी उभी होती, आणि तिने असं उभं राहण्याची ही पहिली वेळ नव्हती. माझी मुलगी धावत जाऊन ते अवघडलेपण झाकणार, हे मला नको होतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी तिचा हात सोडला नाही.

शेवटी मुलाची आईच बोलली. "तुम्हाला मला विचारायचंय की मी ही सोयरीक करणार का. सरळ विचारा ना. पाण्यावर कशाला तोलता?"

"सरळ विचारते. करणार का?"

"मला घरी विचारतील, माणसं कुठली. काय सांगू?"

"गावकुसाभायेरची, म्हणा," आई म्हणाली. "आन् जेवायला भाकरी व्हती म्हणा."

काका हसले. मुलाच्या आईलाही हसू आलं, पण लगेच ती गंभीर झाली. "आजी, मला मागच्या महिन्यात कावीळ झाली होती. रिपोर्ट पर्समध्ये आहे, पण तो मी दाखवणार नाही. ह्याच पाण्याचा चहा करा, चांगला उकळा. मी पिते."

"दाखवू नका. आमी बी बघणार नाय," आई म्हणाली आणि मामीला घेऊन चुलीकडे गेली.

मुलाची आई दोन कप चहा प्यायली. दुसरा तिने मागून घेतला. मग आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि मी कामाचं बोलून घेतलं. लग्न कुठे, माणसं किती, जेवण कुणाकडे, हे सगळं पुढे बघता येणार होतं. माझी अट एकच होती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमधल्या प्रार्थनेत, मिस्सेत, वधूवरांची नावं आणि गावं वाचून दाखवतात, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. वसईच्या त्या चारशे वर्षांच्या देवळात माझ्या मुलीच्या नावापुढे ह्या गावाचं नाव वाचलं गेलं पाहिजे. छावणीचं नाही.

"माझ्या जावा कान टवकारतील," ती म्हणाली.

"टवकारू द्या."

तिने विहिरीकडे पाहिलं. "वाचू दे. मी पुढच्या बाकावर बसेन, मागे वळून बघायला."

परतताना गाडीत मुलगी माझ्याशी बोलली नाही. गंगापूर गेल्यावर आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "तू खोका काढलास ते मला सांगितलं का नाहीस?" आई झोपल्याचं सोंग करत होती.

आता अडचण एकच उरली आहे. छावणीतले फादर म्हणतात, मुलीचं गाव म्हणजे ती जिथल्या चर्चला जाते ते, नियम तसा आहे. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, पण तिथे मी मागे हटणार नाही. आईच्या गावच्या फादरांचं पत्र आणून छावणीत दोन्ही गावं लिहून घ्यायची आहेत. मुलाच्या आईचा काल फोन आला, नावं वाचण्यासाठी द्यायचा तिच्याकडचा कागद तयार आहे. आमचा अजून गेलेला नाही.