आडवी बाटली
शेगावहून कुणी कचोरी आणली की तिच्या वासानेच माझं तोंड कडू होतं. त्या उन्हाळ्यात दारूबंदीच्या मतदानात गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला असता, तर दारूचं दुकान बंद झालं असतं. शेजारणीचा नवरा पिऊन तिला मारायचा, म्हणून मीच पुढाकार घेतला आणि आम्ही दोघी दारोदार फिरलो. मतदानाच्या दिवशी मात्र शाळेतलं केंद्र ओस पडलं. दुकानदाराने गाड्या करून बायांना फुकट शेगावला दर्शनाला नेलं होतं, आणि त्यांना गोळा केलं होतं शेजारणीनेच. संध्याकाळी तिने कचोरीचा तेलकट पुडा माझ्यापुढे धरला. म्हणाली, "राग काऊन करून राह्यली वं? देवाच्याच दारात तं गेलतो." आजही भिंतीपलीकडे तिचा नवरा ओरडला की मी उठते, पण कडीला हात लावताना तो पुडा आठवतो.