उत्तम पेंटरचा उजवा डोळा

प्रेशर परत अठ्ठावीस आलं.

मी उत्तम पेंटरांना हनुवटी पुन्हा टेकवायला सांगितली आणि परत मोजलं. अठ्ठावीसच. डोळ्याच्या आतही एक दाब असतो. रक्तदाबाशी त्याचा संबंध नाही. तो विसाच्या आत असला की आम्ही डॉक्टर निश्चिंत. वाढत गेला की डोळ्यामागची नस हळूहळू सुकते आणि माणसाला फार उशिरापर्यंत पत्ता लागत नाही. याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही.

पेंटरांचा डावा डोळा ते माझ्याकडे तपासायला यायच्या आधीच गेला होता. उजवा कडेकडेनं अंधारत चालला होता. समोरचा माणूस दिसायचा, बाजूनं येणारी मोटारसायकल दिसायची नाही.

"काका, थेंब टाकता ना?"

"टाकतो की. रोज. बराबर."

"मग बाटली महिना व्हायच्या आत कशी संपते?"

"म्हातारा डोळा हाय, म्याडम. जास्त पितो."

मी हसले, पण मनातून धास्तावले होते. आधी एक औषध दिलं होतं. प्रेशर उतरलं नाही म्हणून जोडीला दुसरं दिलं, मग तिसरं. आता पुढची पायरी ऑपरेशनची होती. त्यात डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपायला एक बारीक वाट करून देतात. चांगलं ऑपरेशन आहे, पण ज्याच्याकडे एकच डोळा उरलाय त्याच्यावर सुरी चालवायची म्हटलं की कोणाचाही हात जड होतो. मी त्यांना नांदेडला पाठवायची तयारी केली होती.

उत्तम पेंटरांना मी फार आधीपासून ओळखत होते. हिंगोलीत दवाखाना टाकला तेव्हा माझा पहिला बोर्ड त्यांनीच लिहिला. शिडीवर उभे राहून, मोजपट्टी न लावता. 'नेत्ररोगतज्ज्ञ' हा शब्द मोठमोठे पेंटर चुकवतात, ज्ज्ञ आणि त्र यांनी त्यांची दमछाक होते. यांनी एका दमात लिहिला. हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की कनेरगाव नाक्यापर्यंत ढाबे, खताची दुकानं, पंक्चरवाले, सगळ्यांची अक्षरं यांची. जयंतीच्या मिरवणुकीतलं निळं बॅनरही दरवर्षी तेच लिहायचे. पुढे फ्लेक्स आला आणि रस्त्यावरची सगळी अक्षरं एकसारखी दिसायला लागली. मला अजूनही त्या रस्त्यानं जाताना चुकल्यासारखं होतं.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, माझ्यासमोर एक थेंब टाकून दाखवा."

"आत्ता? सकाळी टाकला की."

"हा साधा पाण्यासारखा थेंब आहे, कृत्रिम अश्रूंचा. यानं काही होत नाही."

"घरी टाकतो ना मी."

"घरी मी नसते."

त्यांनी बाटली घेतली. बराच वेळ नुसती धरून बसले. मग डोकं मागं टाकलं आणि हात वर नेला. हात डोळ्यापर्यंत जाईतो ठीक होता. डोळ्यावर गेल्याबरोबर थरथरायला लागला. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा नाकावर. तिसऱ्या वेळी बाटलीचं टोक पापणीला टोचलं आणि सगळं पाणी गालावरून कॉलरमध्ये गेलं.

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"फ्लेक्सनं धंदा खाल्ला म्हणून सगळ्याईले सांगत राहिलो मी," ते म्हणाले. "खरं तसं न्हाई, म्याडम. हात त्याच्या आधीच गेला व्हता. रेघ हलून राहिली व्हती. शेवटचा बोर्ड दोनदा पुसला न् ब्रश धुऊन ठेवून देल्ला."

"घरी कोणाला माहीत आहे?"

"घरी कोण हाय? हिची माती होऊन लई वर्षं झाली. पोरगा पुण्याला. त्याला सांगितलं तर उचलून घेऊन जाईन. तिथं चौथ्या मजल्यावर बसून काय करू मी?"

मला माझे वडील आठवले. ते आखाडा बाळापूरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. तेव्हा डोळ्याचं औषध तपकिरी बाटलीत यायचं आणि ड्रॉपर वेगळा, काचेचा, वर लाल रबराचा फुगा. वडील तो ड्रॉपर रोज पाण्यात उकळायचे. डोळे यायची साथ आली की व्हरांड्यातल्या बाकावर माणसं ओळीनं बसायची, आणि वडील एकेकाची हनुवटी उचलून थेंब सोडत जायचे. मलम लावायला काचेची गोल कांडी होती. ती खालच्या पापणीतून फिरवली की मलम आत राहायचं. मी शाळेतून आले की हे बघत उभी राहायचे. तेव्हा डोळ्यात औषध दवाखान्यातच पडायचं आणि टाकणारा दुसराच असायचा. पुढे प्लॅस्टिकच्या छोट्या बाटल्या आल्या. बाटली पेशंटच्या हातात गेली आणि प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकायचा असं ठरून गेलं. कोणाचा हात कसा आहे, हे कोणी विचारत बसलं नाही.

पेंटरांना मी आडवं झोपवलं. हात थरथरणाऱ्यांसाठी एक युक्ती असते. डोळा बंद ठेवायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत जातो. पण त्यांचा थेंब त्या खड्ड्यातही पडेना. टोक परत पापणीला लागलं. असं बाटलीचं टोक डोळ्याला लागत राहिलं तर औषधात जंतू जातात, म्हणजे एक दुखणं घालवताना दुसरं यायचं.

"काका, कोणीतरी दुसऱ्यानं टाकायला हवं. शेजारी?"

"न्हाई."

"भाऊबंद?"

"न्हाई म्हणतो ना. हात हालतो म्हणून गावभर होईल."

"मग ऑपरेशन करावं लागेल."

ऑपरेशनला ते किती भीत होते ते मला माहीत होतं. डावा डोळा कसा गेला ते त्यांनी कधी नीट सांगितलं नव्हतं. विषय निघाला की उठून जायचे.

मी वेगळ्या बाजूनं विचारलं. "तुमच्या तोंडाला हात लावू द्याल असा एक तरी माणूस असेल की नाही?"

ते एकदम म्हणाले, "गजू."

गजू म्हणजे गजानन. पेंटरांच्या गावात, कनेरगाव नाक्यावर, त्याचं सलून. पेंटर दर दोन दिवसांनी त्याच्याकडे दाढीला जायचे. ते का, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. या हातानं त्यांना दाढी करता येत नव्हती.

"त्याला हाताचं माहीत आहे?"

"कोणास ठाऊक. कधी बोलला न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं काळीपिवळीनं हिंगोलीला आले. गजानन चाळिशीचा, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कंगवा. दारातच चप्पल काढून उभा राहिला.

"म्याडम, मला काय माहीत न्हाई व्हय? कप हातात देल्ला की च्या बशीत जातो यांचा. म्हणून मी कप आर्धाच भरून देतो."

पेंटर खिडकीबाहेर बघत राहिले.

"जमेल का तुम्हाला?" मी विचारलं.

"लोकं गळ्यावर वस्तरा ठेवू देतात मला. थेंबाचं काय घेऊन बसलात."

मी त्याला शिकवलं. आधी साबणानं हात धुवायचे. दाढीच्या आधी थेंब, नंतर नाही, कारण बोटाला आफ्टरशेव्ह किंवा तुरटी असली तर डोळा भगभगेल. खालची पापणी बोटानं हलकेच ओढली की एक खिसा होतो, थेंब त्या खिशात टाकायचा, बुबुळावर नाही. एकच थेंब. डोळ्यात मुळात एका थेंबाएवढीही जागा नसते, दुसरा टाकला तर तो गालावर येतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा.

"ते काहून?"

"तिथून नाकात जायची बारीक नळी असते. रडलं की नाक गळतं ना, त्याच वाटेनं. दाबलं नाही तर औषध डोळ्यात राहत नाही, घशात जातं."

"म्हणूनच कधीमधी घसा कडू लागायचा," पेंटर म्हणाले.

बाकीची दोन औषधं मी तूर्त बंद केली. एकच ठेवलं, रोज संध्याकाळी सलूनमध्येच एकदा टाकायचं. पेंटरांची पत्र्याची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापायची, म्हणून बाटली सलूनशेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवायची ठरली. मी बजावलं, "महिनाभरानं या. प्रेशर उतरलं नाही तर नांदेड. मग मी ऐकणार नाही."

पहिल्या संध्याकाळचं मला पेंटरांनीच नंतर सांगितलं. सलूनमध्ये गर्दी होती. बाकावर गावातलीच माणसं. पेंटर दारातून परत फिरले. गजाननानं हाक मारली, "काका, या, नंबर हाय तुमचा." नंबर नव्हता. त्यानं खुर्ची मागं कलती केली, अंगावर कापड टाकलं, बाकावरच्यांच्या बाजूला पाठ करून उभा राहिला आणि त्यांच्याशी सोयाबीनच्या भावावर बोलत बोलतच थेंब टाकला. मग ओला टॉवेल तोंडावर ठेवला आणि टॉवेलावरूनच नाकाजवळ बोट दाबून धरलं. कोणाला काही कळलं नाही.

"झालं, काका," तो म्हणाला, "गार लागलं का?"

"माझ्या बापानं बी मला एवढं जपलं नसंन," पेंटर म्हणाले.

महिन्याच्या आधीच गजाननाचा फोन आला. घाबरला होता.

"म्याडम, कायतरी रिअॅक्शन हाय. काकाच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या वाढून राहिल्या. लांब न् काळ्या. डाव्याच्या हायत तशाच. कात्री लावू का?"

मी खुर्चीतून उठलेच. "कात्री लावू नका! काही लावू नका. दोघं उद्या या."

या औषधाचा तो गुण आहे. तीन-चार आठवडे नीट पडत राहिलं की काही जणांच्या पापण्या वाढतात. इतके दिवस मी हेच औषध लिहीत होते आणि त्यांच्या पापण्या होत्या तशाच होत्या. औषध त्या डोळ्यात आता कुठे पोचत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हनुवटी टेकवली. सोळा. परत मोजलं. सोळा.

"किती?" गजाननानं विचारलं.

"सोळा."

"चांगलं का वाईट ते सांगा ना."

"नांदेडला जायची गरज नाही."

पेंटरांनी डोळे पुसले. मी म्हटलं, चोळू नका. गजानन म्हणाला, "रडू द्या म्याडम. थेंब संध्याकाळी हाय."

त्यानंतर पेंटर बरीच वर्षं जगले. गेलेली नजर आली नाही, पण उरलेली टिकली. सकाळचा पेपर ते सलूनमध्ये बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. हाताचं हळूहळू गावाला कळलंच, कोणी काही म्हटलं नाही. उलट नाक्यावरचे आणखी दोघं-तिघं म्हातारे आपापल्या बाटल्या घेऊन गजाननाकडे जायला लागले. पेंटर छातीच्या दुखण्यानं गेले, त्याच्या आदल्या संध्याकाळीही थेंब पडला होता.

आता मी दवाखाना बंद केलाय. अधूनमधून नर्सिंगच्या मुलींना शिकवायला बोलावतात. डोळ्यात औषध पोचवायच्या पद्धती सांगा म्हणतात. मी थेंब सांगते, मलम सांगते, डोळ्याच्या आत द्यायचं इंजेक्शन सांगते, मोठ्या शहरात आता डोळ्यात बारीक गोळी बसवतात तीही सांगते. मुली भराभर लिहून घेतात. मग मी त्यांना पेन खाली ठेवायला लावते आणि सांगते, औषध लिहून झालं की पेशंटला विचारा, घरी कोण असतं. बहुतेक वेळा ते सांगतात, सगळे आहेत. तेव्हा पुन्हा विचारा, थेंब कोण टाकतं.