टाइम अन कुरोड्या

आमच्या देऊळगाव राजात वेळ हा शब्द आता फक्त लग्नपत्रिकेत राहिला आहे. बाकी सगळा टाइमच. नळाचा टाइम, बसचा टाइम, जेवण दोन टाइम. कोणाचं वाईट चाललं असेल तर त्याचा टाइम खराब. जुनी गोष्ट सांगायची तर 'एका टाइमाले' म्हणून सुरुवात. मी चौथी शिकलेली बाई, इंग्रजीचा अन माझा संबंध नाही, तरी हा शब्द दिवसातून पन्नासदा माझ्या तोंडी येतो. अन त्यातही जास्त करून कसा? तर, टाइम नाही.

हेच मी गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला म्हटलं. ती साखरखेर्ड्याला असते. फोनवर म्हणाली, "ताई, गहू भिजू घातले." दुसऱ्या कोणाला वाटेल, बरं, घातले तर घातले. पण आम्हा बहिणींत कुरोड्यांसाठी, म्हणजे कुरडयांसाठी, कोणी 'ये' म्हणत नाही. आईपासूनची रीत आहे, गहू भिजले एवढंच कळवायचं. तीन दिवस ते भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, पाचव्या दिवशी सकाळी शिजवायचा. एकीनं घाटायचं, दुसरीनं गरम गरम साच्यात भरून दाबायचं. एकटीचं काम नाही ते. म्हणून फोन आला की दुसरीनं दिवस मोजून निघायचं असतं.

मला सगळं कळलं होतं. तरी म्हणाले, "बरं केलं. मले तर बाई या हप्त्यात टाइमच नाही. भेटला तर येतो."

काय काम होतं मला? खरं सांगते, काहीच नाही. प्रवासाचा कंटाळा आला होता, अन नळ येणार होता. तोही आला नाही.

बहिणीची सून तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिचा टाइम भरत आलेला. बहिणीचा उजवा हात आदल्या वर्षी पडून मोडला होता, तो काही पहिल्यासारखा धरत नाही. एकटी घाटायला गेली, गाठी झाल्या, चीक खाली लागला. सगळा म्हशीपुढे ठेवला. हे मला मागाहून सुनेकडून कळलं. बहीण चकार शब्द बोलली नाही. पण तिचे फोन कमी झाले, अन मी केला की म्हणायची, "ठेवतो ताई, तुले टाइम नसंन." फार लागायचं ते.

यंदा तिचा फोन आलाच नाही. आला सुनेचा. हळू आवाजात बोलत होती. "मावशी, गव्हाचं तिसरं पानी बदललं आज. आईनं तुमाले सांगू नको म्हटलं, म्हनून सांगून राह्यली. मायं लेकरू मले उठूच देत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं मी गेले. बहीण अंगणात चीक गाळत होती. मला पाहिलं, पण हात थांबवले नाहीत.

"काऊन वं, वाट चुकली का?"

"सरक," म्हटलं, "अन ते पातेलं दे इकडं."

सकाळी गच्चीवर मी घाटायला बसले. चीक घट्ट होऊ लागला की दांडा फिरत नाही, खांदे भरून येतात. ती डाव्या हातानं साचा दाबत होती.

"जोरानं घाट. सत्तरी आली म्हनून सूट नाही."

"तू आधी कुरोडी गोल घाल. जिलबी करून राह्यली का?"

असं बोलत बोलत अंथरलेली साडी अर्धी भरली. मग तिनं साचा खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "औंदा मीच तुले कळवलं नाही. कळवलं असतं अन तू पुन्हा नाही म्हटली असती, त मंग..."

तिच्या उजव्या हातावर चीक वाळला होता. पदराचं टोक ओलं करून तो मी पुसत बसले.

"चीक थंडा होऊन राह्यला," ती म्हणाली. पण हात काही काढून घेतला नाही.

दुपारी आमच्या घरून यांचा फोन आला, संध्याकाळच्या बसनं येतेस ना म्हणून. कुरोड्या वाळल्या की येतो, असं मी सांगत होते, तेवढ्यात बहिणीनं फोन माझ्या हातातून घेतला.

"भाऊजी, इकडं आभाळ आलं. चार दिवस तरी लागतीन वाळायले."

गच्चीवर पाय ठेववत नव्हता, इतकं ऊन होतं.