वाकलेली पळी

खरं सांगू? गणपतीचं सगळं मी हौसेनं करायचे, पण आई गेल्यापासून देव खरंच ऐकतो का, ही शंका मन पोखरत होती. आणि शंका जितकी वाढली, तितकं माझं सोवळं कडक झालं.

कार्डिफमध्ये आमच्या मंडळाचा गणपती भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. तिथला केअरटेकर सीरियाचा, चाळिशीतला अबोल माणूस. गेल्या वर्षी खुर्च्या लावताना त्यानं वाटेतलं पूजेचं तबक उचलून बाजूला ठेवलं. मी फटकन म्हणाले, "प्लीज, डोन्ट टच!" आणि त्याच्यादेखत पितळी पळी पुन्हा धुतली. तो "सॉरी" म्हणून मागे सरला.

आरती झाली. हॉलच्या लाकडी फ्लोअरवर नारळ आपटायला बंदी, म्हणून माझ्या नवऱ्यानं तो तळहातावर धरला आणि वरून सुरा मारला. सुरा निसटून मनगटात घुसला. अगं बाई, काय ते रक्त! मूर्तीकडे बघून मी एवढंच म्हणाले, "आता तूच बघ रे बाबा."

गर्दीतून तो केअरटेकर धावत आला. देवाचं उपरणं ओढून त्यानं ह्यांच्या दंडाला आवळलं, तबकातली तीच पळी गाठीत खुपसली आणि पिळत गेला. पळी वाकली, पण रक्त थांबलं. ॲम्ब्युलन्समधूनही तो आमच्याबरोबर आला. "अजून पाच मिनिटं गेली असती तर..." डॉक्टर म्हणाले.

हॉस्पिटलच्या बाकावर मी त्याला विचारलं, "कुठं शिकलात हे?"

"आमच्या यादवीत. सक्तीनं भरती केलेला साधा शिपाई होतो मी. पहिल्यांदा असं माझ्या भावाला बांधलं. तो समोरच्या बाजूनं लढत होता." मग म्हणाला, "मला उशीर झाला. गोळी आमच्याच तुकडीची होती."

आणि वर तोच मला विचारतो, "तुमच्या देवाचं कापड खराब झालं. चालेल ना?" मग मात्र मला रडू आवरलं नाही.

ह्यांची दोन बोटं अजून बधिर आहेत, पण माणूस घरी आला. वाकलेली पळी मी सरळ करू दिली नाही. देवानं ऐकलं का, हा वाद आता मी घालत नाही. त्याच्यावर सोपवायचं, आणि तो ज्याला पाठवील त्याला दारातून हाकलायचं नाही, एवढंच मला उमगलंय.

यंदा तबक मी आपणहून त्या केअरटेकरच्या पुढे धरलं. घेण्याआधी तो निमूटपणे हात धुवायला गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.