धुळ्यात नेच्यांसाठी घर

धुळ्याच्या शाळेत मी चित्रकला शिकवत असे. एका दिवाळीत पुण्याच्या मित्राने मला नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, तीन कुंड्या दिल्या. चाळीसगावला गाडी बदलून, कुंड्या मांडीवर घेऊन मी घरी पोचलो आणि त्याच दिवसापासून मला काचघराचा ध्यास लागला. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्याची कृती होती. काचघर मोकळ्या जागी, दक्षिणेकडे तोंड करून, भरपूर ऊन येईल असं बांधावं, असं त्यात लिहिलं होतं.

माघात एका सकाळी मी अंगणाच्या मधोमध फक्की ओढली. बारा हात रुंद, वीस हात लांब. बायको बाहेर आली आणि त्या रेघांच्या आत एक फेरी मारून आली.

"अहो, यात धुणं वाळत घालायची दोरी गेली, तुळस गेली. आपण कुठे राहायचं?"

"अगं, पुस्तकात तसंच दिलंय."

"पुस्तकवाल्याने धुळ्यात चैत्र काढलाय का?"

ती रावेरकडच्या शेतकऱ्याची मुलगी; ऊन कसं असतं हे मी तिला सांगावं, अशी सोय नव्हती.

चैत्रात तिने बिबड्या घातल्या. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. त्यातल्या पाच तिने पाच फडक्यांवर, परसाअंगणात पाच ठिकाणी पसरल्या. म्हणाली, "जिथे बिबडी लवकर वाळेल, तिथे तुमची झाडंही वाळतील." मी वही घेऊन दर तासाला पाहणी करत फिरू लागलो. शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून विचारलं, "मास्तर, हाई काय शे?" प्रयोग आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडे फार दयेने पाहिलं.

अंगणातली बिबडी बारालाच कडक झाली. विहिरीजवळची कावळ्याने नेली, तेव्हा तिची नोंद अपुरी राहिली. परसात, घराच्या उत्तर भिंतीला लागून निंबाखाली ठेवलेली मात्र दिवस कलला तरी लिबलिबीत होती. जागा ठरली. काचही बाद झाली. बांबूच्या तट्ट्याच्या भिंती आणि वर पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचं, छप्पर करायचं ठरलं.

आकाराचा हट्ट मात्र मी सोडला नव्हता. त्यावर तिने एकच अट घातली. आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ मी स्वतः विहिरीतून पाणी ओढून जेवढी जमीन भिजवीन, तेवढंच घर. पहिल्या दिवशी मी ईर्षेने वीस बादल्या ओढल्या. तिसऱ्या दिवशी कंबर बोलू लागली. आठव्या दिवशी सहा बादल्यांवर मी बसकण मारली. तिने भिजलेल्या जमिनीभोवती काठीने रेघ ओढली. चार हात रुंद, सहा हात लांब. त्याच रेघेवर मी तट्टे उभे केले, छप्पर घातलं आणि कुंड्या आत नेल्या.

शाळेत माझ्या बढाया आधीच पोचल्या होत्या. वैशाखाच्या सुट्टीत एका दुपारी हेडमास्तर काचघर पाहायला आले. वाकून आत शिरताना त्यांची पगडी पऱ्हाट्यांत अडकून लोंबकळत राहिली. मी घाबरलो. पण आतून आवाज आला, "मास्तर, इथे गार आहे हो!" उपड्या डब्यावर बसून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, ते चहापर्यंत बाहेर आले नाहीत. मग ते रोजच येऊ लागले. आत दोघे मावत नव्हते, त्यामुळे मी बाहेर निंबाखाली.

बायको म्हणे, "निदान त्यांना झाडांवर पाणी तरी शिंपडायला सांगा." हेडमास्तरांना काम सांगायचं धाडस मला झालं नाही. तिने सरळ झारी नेऊन त्यांच्या हातात दिली. ते मोठ्या आनंदाने शिंपडू लागले.

ज्येष्ठ लागला त्या आठवड्यात ते आतून ओरडले, "मास्तर, धावा!" मला वाटलं, विंचू निघाला. मी धावलो. दारात आमची टक्कर झाली. मग ते बाहेर आले आणि मी आत गेलो. तिन्ही कुंड्या हिरव्या होत्या आणि मधल्या कुंडीत एक नवा कोंब गोल गुंडाळी करून वर आला होता.

"मी पाहिला आधी," हेडमास्तर बाहेरून बजावत होते.

मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली, तिने मला बाहेर काढलं आणि बराच वेळ ती आतच राहिली.